रानडुकरासाठी गोळी निवडताना

भोर तालुक्यात माझ्या मामांचे चार एकर रान आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळी भुईमूग काढणीला आला असताना रानडुकरांचा कळप तिथे सलग आठवडाभर उतरत होता, आणि सकाळी पाहावे तर वाफे नांगर फिरवल्यासारखे उलटेपालटे झालेले असत. मामांनी वनविभागाकडे अर्ज केला, पंचनामा झाला, लेखी परवानगी मिळाली आणि शेजारच्या गावातील एक परवानाधारक गृहस्थ आपली रायफल घेऊन माळ्यावर बसले. तिसऱ्या रात्री बार झाला. चांदण्यात मोठा नर क्षणभर कोलमडल्यासारखा दिसला, उठला आणि बांधापलीकडच्या उसात शिरला. पुढचे दोन दिवस त्या उसात पाणी धरायला कोणी गडी जाईना, कारण आत जखमी डुक्कर आहे हे साऱ्या वाडीला माहीत होते. तिसऱ्या दिवशी कावळे घिरट्या घालू लागले, तेव्हा त्याचा पत्ता लागला.

मी पुण्याहून पोहोचलो तेव्हा वनरक्षक नोंद करत होते. गोळीचे भोक शेवटच्या बरगडीच्या मागे, शरीराच्या उंचीच्या बरोबर मध्यावर होते आणि दुसऱ्या बाजूला भोकच नव्हते. रायफल चांगली होती आणि त्या गृहस्थांचा हातही थरथरला नव्हता; त्यांनी जिथे नेम धरला होता, तिथेच गोळी लागली होती. चूक त्याआधीची होती. नेम कुठे धरायचा याची समजूत हरणावरून घेतलेली होती आणि गोळी कोणती निवडायची याचा विचार झालेलाच नव्हता. पुण्यात गेली पंचवीस वर्षे नेमबाजी करत असल्यामुळे माझ्याकडे पहिला प्रश्न नेहमी रायफलीचा येतो: ‘तीनशे पंधरा घेऊ की थर्टी-ओ-सिक्स?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी जनावराचे शरीर, मग अंतर आणि गोळीच्या मागे काय आहे ते, मग गोळी, आणि त्यानंतर रायफल.

त्याच्याही आधी कायदा येतो, आणि इथे अनेकांची गल्लत होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, आणि जीविताला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका निर्माण झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कलम ११ खाली कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. शस्त्राचा परवाना ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तो शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळतो, पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची परवानगी मिळाली, असे मुळीच नाही. दोन्ही कागद हातात असावे लागतात, आणि परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते. त्याच्या मांसावर शेतकऱ्याचा किंवा बंदूकवाल्याचा हक्क नसतो. ही वाट लांब वाटते म्हणून काही जण कुंपणात वीज सोडतात किंवा खाद्यात गावठी बॉम्ब ठेवतात. त्यात गुरे, कुत्री, बिबटे आणि माणसेही जातात, त्यामुळे त्या प्रकारांना मी उपाय मानत नाही.

आता शरीराकडे वळू. रानडुकराचे हृदय आणि फुप्फुसे हरणाच्या मानाने पुढे आणि खाली असतात. हृदय जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या बेचक्यात, छातीच्या तळाशी असते, आणि फुप्फुसांचा बराचसा भाग खांद्याच्या हाडाआड झाकलेला असतो. हरणाच्या बाबतीत खांद्याच्या चार बोटे मागे धरलेला नेम फुप्फुसात बसतो. डुकराच्या बाबतीत तोच नेम यकृतात किंवा पोटात जातो. शिवाय आपल्याकडच्या डुकराच्या मानेपासून पाठीपर्यंत राठ केसांचा तुरा असतो, जो ते बिचकले की उभा राहतो, आणि अंधुक प्रकाशात त्या तुऱ्यामुळे पाठ प्रत्यक्षापेक्षा वितभर उंच भासते. बाह्यरेषेचा मध्य धरून मारलेली गोळी त्यामुळे वर जाते. मणक्याच्या वर निघालेल्या हाडांना तिचा नुसता धक्का बसला, तरी जनावर जागीच आडवे होते आणि माळ्यावरची माणसे काम झाले असे समजतात, पण मिनिटाभरात ते उठून पळालेले असते. म्हणून डुक्कर पूर्ण आडवे उभे असेल तेव्हा पुढच्या पायाच्या रेषेत वर जाऊन छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरावा, हा जगभरच्या शिकाऱ्यांचा अनुभव आहे.

त्या जागेवर पोहोचण्याच्या वाटेत मात्र अडथळे आहेत. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कूर्चेसारखा जाड थर तयार होतो. नरांच्या आपसांतल्या झुंजीत सुळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून निसर्गाने दिलेली ती ढालच असते. तिच्यावर राठ केस, केसांत वाळलेल्या चिखलाचा लेप, खाली खांद्याचे हाड, आणि या सगळ्यांनंतर फुप्फुस. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतो. ही ढाल गोळी परतवते अशा गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. योग्य गोळीच्या बाबतीत त्या खऱ्या नाहीत, पण वरच्यावर फुटून विखुरणाऱ्या हलक्या गोळीच्या बाबतीत त्यांत बरेच तथ्य आहे. दुसरी अडचण जखमेची आहे. चरबी आणि केस यांमुळे प्रवेशाचे भोक लगेच बुजते आणि बाहेर रक्ताचा थेंब पडत नाही. गोळी आरपार गेली तर खालच्या बाजूच्या भोकातून रक्त ठिबकते आणि माग काढता येतो. मामांच्या उसात माग लागला नाही, कारण दुसरे भोकच नव्हते.

इथे शब्दांचा एक घोळ दूर केला पाहिजे. आपण ज्याला सरसकट गोळी म्हणतो ते अख्खे काडतूस असते: पितळेचे आवरण, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. तिचे वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. गोळीची ऊर्जा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. स्वप्नील कुसळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात वापरतात ती ०.२२ इंची गोळी ४० ग्रेनची असते आणि तिची ऊर्जा नळीच्या तोंडाशी साधारण १४० जूल भरते. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा ३९०० जुलांच्या आसपास जाते, म्हणजे अठ्ठावीसपट. बालेवाडीच्या रेंजवर दहाच्या वर्तुळात गोळ्या बसवणारी रायफल डुकरावर का चालत नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे. अचूकता पुरेशी असूनही ती जनावराला जखमी करून सोडते, आणि ते क्रौर्यच आहे.

किती ऊर्जा पुरेशी, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर जर्मनीच्या शिकार कायद्यात आहे. तिथे रानडुकरासाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर उरलेली ऊर्जा किमान २००० जूल असावी लागते. त्या मोजमापाने अमेरिकेत अतिशय लोकप्रिय असलेले ०.२२३ हे काडतूस (आकडा गोळीच्या व्यासाचा, साधारण इंचांत) बाद होते, कारण तिची ५५ ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशीच १७०० जुलांच्या आसपास असते, ०.२४३ देखील व्यासात थोडक्यात कमी पडते. तरीही टेक्सासमध्ये हजारो डुकरे ०.२२३ ने मारली जातात. तिथली डुकरे मूळची नाहीत. एर्नांदो दे सोतोच्या मोहिमेने १५३९ मध्ये फ्लोरिडात आणलेल्या गावठी डुकरांपासून अमेरिकेतील या पिढ्यांची सुरुवात झाली, आणि आज ती शेतीचे इतके नुकसान करतात की टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. तिथला हेतू एका रात्रीत अख्खा कळप कमी करणे हा असतो आणि त्यासाठी कमी धक्क्याची, झटपट दुसरा बार काढता येणारी रायफल सोयीची पडते. आपल्याकडे परवानगी मोजक्या जनावरांसाठी असते आणि एकच बार मिळतो. त्यामुळे टेक्सासच्या चित्रफिती पाहून केलेली निवड इथे उपयोगी पडत नाही. जर्मनीचा नियम आपल्या परिस्थितीला जास्त जवळचा आहे.

ऊर्जेइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त महत्त्वाची असते ती गोळीची बांधणी. माझ्या टेबलाच्या खणात दोन वापरलेल्या गोळ्या आहेत, दोन्ही एकाच व्यासाच्या आणि दोन्ही ओल्या कागदाच्या गठ्ठ्यात मारून काढलेल्या. पहिली लष्करी धर्तीची, शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे संपूर्ण वेष्टन असलेली. ती जशी आत गेली तशीच, टोकदार आणि सरळ बाहेर आली आहे. दुसरी नरम टोकाची, जिला दुकानात सॉफ्ट-नोज म्हणतात. तिचे टोक उमलून छत्रीसारखे मागे वळले आहे, व्यास जवळपास दुप्पट झाला आहे आणि मागचा देठ अखंड राहिला आहे. बोटांनी दोन्ही चाचपून पाहिल्या की फरक सांगावा लागत नाही. पहिली जनावराच्या शरीरातून पेन्सिलीएवढे भोक पाडून निघून जाते आणि ते कित्येक किलोमीटर चालत राहते. दुसरी वाटेतल्या फुप्फुसाची चाळण करते आणि जनावर काही पावलांत पडते. युद्धात उमलणारी गोळी वापरण्यास १८९९ च्या हेग घोषणेने मनाई केली, तर शिकारीत अनेक देशांचे कायदे नेमकी उलट, उमलणारीच गोळी वापरायला सांगतात. प्राण लवकर जावा, हा त्यामागचा उद्देश आहे.

उमलणाऱ्या गोळ्यांतही प्रकार आहेत. साध्या नरम टोकाच्या गोळीत शिशाचा गाभा वेष्टनात नुसता दाबून बसवलेला असतो, आणि वेग फार असेल किंवा हाड लागले तर दोन्ही वेगळे होतात. काहींमध्ये गाभा वेष्टनाला सांधलेला असतो. अशी गोळी खांद्याच्या हाडातूनही आपले बहुतेक वजन टिकवून पुढे जाते. तिसरा प्रकार अख्ख्या तांब्याच्या गोळीचा. तिचे तुकडे जवळजवळ होत नाहीत आणि शिशाचे कण मांसात किंवा मेलेल्या जनावरावर येणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात जात नाहीत. या एका कारणासाठी कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली. रानडुकरासाठी मला विचाराल तर वेग थोडा कमी पण वजन जास्त आणि गाभा सांधलेला, अशी गोळी मी निवडेन. मिळाली नाही तर साधी नरम टोकाची, पण वजनदार. हलकी आणि अतिवेगवान गोळी घेऊ नये, कारण ती ढालीवरच फुटते आणि भयंकर दिसणारी पण उथळ जखम करते.

आता भारतात परवान्यावर काय मिळते ते पाहू. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती ३१५ बोअरची रायफल. तिचे काडतूस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या लष्करी काडतुसावरून आलेले आहे आणि गोळी ८ मिलिमीटर व्यासाची, जड, तुलनेने सावकाश असते. दूरच्या नेमाला हे काडतूस कच्चे मानले जाते, पण माळ्यावरून चाळीस-पन्नास मीटरवरच्या डुकरासाठी जड आणि सावकाश हेच गुण हवे असतात, त्यामुळे तिला जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. थर्टी-ओ-सिक्स हे १९०६ चे अमेरिकन काडतूस, जास्त ताकदीचे आणि जास्त सपाट मार्गाने जाणारे. त्यात १८० ग्रेनची गोळी घ्यावी, १५० ची नको. धक्का मात्र खांद्याला चांगला जाणवतो, आणि ज्याला धक्क्याची धास्ती असते तो घोडा ओढायच्या क्षणी डोळे मिटतो. अशा माणसाच्या हातात कमी ताकदीची रायफल अधिक परिणामकारक ठरते. युरोपात रानडुकरासाठी १९०५ पासून चालत आलेले ९.३ बाय ६२ हे काडतूस आदर्श मानले जाते, पण आपल्याकडे ते सहज मिळणारे नाही आणि ज्याची काडतुसे मिळत नाहीत अशी रायफल घेण्यात अर्थ नसतो.

बारा बोअरची दुनळी बंदूक गावांत जास्त आढळते. तिच्या नळीला आतून रायफलीसारख्या पिळदार खाचा नसतात, त्यामुळे गोळीला फिरकी मिळत नाही आणि लांबचा नेम टिकत नाही. बारा बोअर म्हणजे नळीच्या आत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोलांचे वजन एक पौंड होते. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर भरतो. तिच्या एल.जी. काडतुसात मोठे छर्रे असतात. ते तीस मीटरच्या आत परिणामकारक ठरतात, पुढे विखुरतात आणि मग एखादा छर्रा पोटात, एखादा पायात असे होऊन डुक्कर नुसते जखमी होते. तीस मीटरची खूण आधीच पावलांनी मोजून ठेवली असेल, तरच मी बारा बोअरचा सल्ला देतो. बारीक छर्ऱ्यांचे काडतूस डुकरावर कधीही वापरू नये. पुण्याच्या वाचकासाठी सांगतो, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे, आणि ‘के.एफ.’ हा ठसा देशभरच्या काडतुसांच्या बुडावर याच खडकीमुळे दिसतो.

अंतर आणि गोळीच्या मागची बाजू या दोन गोष्टी मी काडतुसाआधी ठेवल्या, त्याला पुणे जिल्ह्याची वस्ती कारण आहे. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर इथे आज शेताच्या बांधाला फार्महाऊस आहे, पलीकडे रस्ता आहे, ओढ्याकाठी धनगरांची पाले पडलेली असतात. रायफलीची गोळी हुकली तर ती कित्येक किलोमीटर जाऊ शकते आणि दगडाला लागून दिशाही बदलू शकते. माळा खरे तर याच कारणाने उपयोगी आहे: बारा-पंधरा फूट उंचीवरून मारलेली गोळी खाली उतरत जाते आणि जनावराच्या मागे मातीत रुतते. मोकळ्या माळावर, डुक्कर चढावाच्या टोकावर उभे असताना, मागे आकाश दिसत असेल तर बार काढूच नये. मग डुक्कर कितीही मोठे असो. उजेड असतानाच माळ्यावर बसून कोणत्या दिशेला वाडी आहे आणि कोणत्या दिशेला बांधाची माती आहे हे पाहून ठेवावे, आणि बार फक्त मातीच्या दिशेला काढायचा हे ठरवून घ्यावे.

रायफलीवरच्या दुर्बिणीबाबत एक साधे गणित उपयोगी पडते. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणाची पट म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. ४२ मिलिमीटरच्या भिंगाला सहापट लावली तर ७ मिलिमीटर येते आणि अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. तीच दुर्बीण बारापटीवर नेली की झोत साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि चित्र काळवंडते. म्हणून संध्याकाळी जास्त पट म्हणजे जास्त चांगले दिसणे नव्हे. माळ्यासाठी दोन ते सहा पट पुरते. दुसरी बाब म्हणजे दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसवलेली असते, त्यामुळे अगदी जवळ, दहा-पंधरा मीटरवर, गोळी नेमाच्या तितकीच खाली लागते. ज्या अंतरावर डुक्कर येणार आहे त्याच अंतरावर कागद लावून, ज्या पाकिटातील काडतुसे वापरणार आहोत त्याच पाकिटातील तीन गोळ्या परवानगी असलेल्या रेंजवर मारून पाहाव्यात. पाकीट बदलले की जागा बदलते, हे मी स्वतः कैकदा पाहिले आहे. आणि घाटमाथ्याच्या पावसात वर्षानुवर्षे कपाटात पडलेली काडतुसे तर वापरूच नयेत. घोडा ओढूनही बार झाला नाही तर नळी मातीकडेच धरून अर्धा मिनिट थांबावे, कारण दमट टोपी कधी कधी उशिरा पेट घेते.

बार झाल्यावर डुक्कर पडले तरी दुसरे काडतूस लगेच भरून नेम त्याच्यावरच ठेवावा. ते उसात किंवा झाडीत शिरले तर कुठे उभे होते आणि कोणत्या सरीतून आत गेले त्या जागा मनात पक्क्या कराव्यात आणि किमान अर्धा तास माळ्यावरून उतरू नये. रात्री उसात कोणीही शिरू नये. वाडीत निरोप द्यावा, वनरक्षकांना कळवावे आणि उजाडल्यावर, जिथे ते उभे होते तिथली माती आधी पाहावी. फेसाळ, लालभडक रक्त म्हणजे फुप्फुस. जनावर शंभर मीटरच्या आत पडलेले असते. हिरवट, आंबूस वासाचा ओलावा म्हणजे पोट. मामांच्या रानात तिसऱ्या दिवशी मी ती जागा पाहिली, तेव्हा मातीवर तसाच एक हिरवट डाग वाळून गेला होता आणि तो त्या रात्री कोणाच्याच लक्षात आला नव्हता.